नकाशावरची ये-जा : रेषेची जाडी काय सांगते, काय लपविते

शार्ल जोसेफ मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६६ मध्ये एक नकाशा प्रसिद्ध केला. विषय होता युरोपात आयात होणारा कच्चा कापूस. एकाच कागदावर त्याने जगाचे तीन नकाशे शेजारी-शेजारी मांडले होते; १८५८, १८६४ आणि १८६५ या तीन वर्षांचे. पहिल्या नकाशात अमेरिकेकडून इंग्लंडकडे जाणारा निळा पट्टा इतका रुंद आहे की अटलांटिक महासागराचा मोठा भाग त्यानेच व्यापला आहे. दुसऱ्या नकाशात तो पट्टा पार रोडावतो आणि त्याच्या जागी हिंदुस्थानातून निघून आफ्रिकेला वळसा घालत जाणारा दुसरा पट्टा फुगलेला दिसतो. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला, त्यामुळे हा वळसा तेव्हा अपरिहार्यच होता. मधल्या काळात काय घडले हे इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी कापसासाठी हिंदुस्थानकडे तोंड वळविले. त्या जाड पट्ट्यातला मोठा हिस्सा मुंबई बंदरातून निघालेला होता. मुंबईत याच काळात पैशाचा पूर आला, बॅकबे भरावाच्या समभागांवर सट्टा खेळला गेला आणि युद्ध संपताच, १८६५ च्या मध्यावर, तो सारा डोलारा कोसळला.

गंमत अशी की, १८६५ च्या नकाशात हिंदुस्थानचा पट्टा चांगला जाडजूडच आहे. मुंबईतले कित्येक व्यापारी ज्या वर्षी धुळीला मिळाले, ते वर्ष नकाशावर भरभराटीचे दिसते. यात मिनारची चूक काहीच नाही. त्याचा पट्टा कापसाचे वजन मोजतो, भाव मोजत नाही. शिवाय हा पट्टा बंदरातच सुरू होतो. वऱ्हाड-खानदेशातून बैलगाड्यांनी आणि मग आगगाडीने मुंबईपर्यंत आलेल्या त्याच कापसाचा प्रवास नकाशावर नाही, कारण मिनारची भिस्त आयात-निर्यातीच्या आकड्यांवर होती आणि ते आकडे जकातीच्या नाक्यावर तयार होत होते.

एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी होणारी माणसांची, मालाची वा पैशाची हालचाल दाखविणाऱ्या अशा नकाशांना प्रवाहदर्शक नकाशे म्हणतात. शाळेच्या भूगोलात टिंब पद्धत, क्षेत्रघनी पद्धत, सममूल्य रेषा यांची ओळख होते. पण हे सारे नकाशे एका क्षणी कोठे काय आहे एवढेच सांगतात. ‘कोठून कोठे’ हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही. त्याचे उत्तर द्यायचे तर रेषा हवी, रेषेला दिशा हवी आणि किती हे सांगण्यासाठी जाडी हवी. कल्पना इतकी साधी असूनही ती कागदावर उतरायला एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

रेल्वे कोठून न्यावी?

या नकाशांचा उगम रेल्वेच्या वादात आहे. आयर्लंडमध्ये लोहमार्ग कोठे टाकावेत याचा विचार करण्यासाठी नेमलेल्या आयोगाकरिता हेन्री ड्रुरी हार्नेस या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने १८३७ मध्ये नकाशे तयार केले. कोणत्या रस्त्यावर किती प्रवासी आणि किती माल जातो, हे त्याने रेषांच्या कमी-अधिक जाडीने दाखविले. त्यानंतर आठ वर्षांनी, १८४५ मध्ये, मिनारने दिजाँ ते म्युलूझ या नियोजित लोहमार्गाच्या प्रदेशातील घोडागाड्यांच्या प्रवाशांचा नकाशा काढला. मार्ग अमुक गावावरून न्यावा की तमुक, यावर तेथे वाद सुरू होता. लोक आज कोणत्या वाटेने जातात ते पाहा, मग ठरवा, असा या नकाशाचा रोख होता. नियोजनकारांची आजची पद्धतही याहून फार वेगळी नाही. मुंबई महानगर प्रदेशाच्या वाहतुकीचा जो सर्वंकष अभ्यास २००८ मध्ये पूर्ण झाला, त्यासारख्या अभ्यासांत लोक कोठून निघतात आणि कोठे पोहोचतात हे विचारून त्या दोन टोकांना सरळ रेषेने जोडले जाते. प्रत्यक्ष रस्ता वाकडा असो, रेषा सरळच. कारण तिने रस्ता नव्हे, गरज दाखवायची असते.

मिनार १८५१ मध्ये, वयाच्या सत्तराव्या वर्षी, सरकारी सेवेतून निवृत्त झाला आणि त्याने आपले बहुतेक प्रसिद्ध नकाशे त्यानंतर काढले. त्याचा सर्वांत गाजलेला नकाशा नोव्हेंबर १८६९ मधला, म्हणजे तो ८८ वर्षांचा असतानाचा. नेपोलियनच्या १८१२ मधील रशियावरील स्वारीचा. नेमान नदीपाशी ४ लाख २२ हजार सैनिकांचा तपकिरी छटेचा रुंद पट्टा सुरू होतो, वाटेत झिजत झिजत मॉस्कोला १ लाखावर येतो. परतीचा पट्टा काळा असून नेमानपाशी तो १० हजारांचा उरतो. एक मिलिमीटर जाडी म्हणजे १० हजार माणसे, हे प्रमाण त्याने कागदावरच लिहून ठेवले आहे. खाली परतीच्या वाटेवरील तापमानाची रेषा. बेरेझिना नदी ओलांडण्यापूर्वी ५० हजार आणि ओलांडल्यावर २८ हजार, हे दोन आकडे शेजारी-शेजारी वाचताना कोणत्याही वर्णनाची गरज भासत नाही. अमेरिकी अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांनी १९८३ मधील आपल्या पुस्तकात या नकाशाची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि तेव्हापासून आकडेवारीच्या मांडणीवरील बहुतेक पुस्तकांत तो असतोच.

या मांडणीसाठी मिनारने भूगोलाशी बरीच सलगी केली, हेही सांगायला हवे. कापसाच्या नकाशांत जाड पट्टे मावावेत म्हणून त्याने इंग्लिश खाडी आणि जिब्राल्टरची सामुद्रधुनी चक्क रुंद करून टाकली. किनारे ओळखू येण्यापुरते ठेवले. आजच्या संगणकी नकाशांत अक्षांश-रेखांश बिनचूक असतात आणि रेषा मात्र एकमेकींवर चढून गिचमीड होते. मिनारने खुबीने उलट तडजोड केली होती. फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध जुंपल्यावर, १८७० मध्ये, पॅरिस सोडून बोर्दोला गेलेल्या या वृद्ध अभियंत्याचे त्याच वर्षी तेथे निधन झाले.

१८५८ च्या जगभरच्या स्थलांतराचा नकाशाही मिनारने काढला होता. तो १८६२ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातून अमेरिकेकडे जाणारे पट्टे त्यात ठळक आहेतच. पण हिंदुस्थानातून मॉरिशसकडे आणि इतर मळ्यांच्या वसाहतींकडे निघालेले करारबद्ध मजूरही त्यात आहेत. मॉरिशसला ही वाहतूक १८३४ मध्ये सुरू झाली होती आणि जहाजे कलकत्ता, मद्रास व मुंबई या तिन्ही बंदरांतून सुटत. मुंबईतून गेलेल्यांत कोकण आणि देशावरचे मराठी लोक होते; त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणवून घेतात. पोर्ट लुईस येथील ज्या धक्क्यावर हे मजूर उतरत, त्या आप्रवासी घाटाला युनेस्कोने २००६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. नकाशावर मात्र भोजपुरी, तमिळ, तेलुगू आणि मराठी अशा सगळ्यांचा मिळून एकच पट्टा आहे. रेषेला देश कळतो, गाव कळत नाही. आणि तो पट्टा एकाच दिशेने जातो. करार संपल्यावर मायदेशी परतलेल्यांचीही एक रेषा होती, ती या कागदावर शोधून सापडणार नाही.

उलट वाहणारा प्रवाह

परतीच्या रेषेकडे शास्त्रीय दृष्टीने लक्ष वेधले ते एर्न्स्ट गेओर्ग रावेनस्टाइन या जर्मनीत जन्मलेल्या आणि इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या भूगोलतज्ज्ञाने. ब्रिटनच्या १८८१ च्या जनगणनेतील जन्मस्थानाचे तक्ते तपासून त्याने १८८५ मध्ये स्थलांतराचे काही नियम मांडले. बहुतेक माणसे जवळच्या जवळ हलतात. दूर जाणारे प्रामुख्याने मोठ्या शहरांकडे जातात. प्रत्येक मुख्य प्रवाहाबरोबर एक उलटा प्रवाह असतो. आणि थोड्या अंतराच्या स्थलांतरात स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक असतात. या निरीक्षणांना आता १४० वर्षे झाली. भारताच्या जनगणनेकडे पाहिले की यातले शेवटचे निरीक्षण आपल्यासाठीच लिहिले होते की काय असे वाटते.

भारतीय जनगणनेत जन्मस्थानाचा प्रश्न १८८१ पासून आहे. ‘यापूर्वीचे वास्तव्य कोठे’ हा प्रश्न १९७१ मध्ये आणि स्थलांतराचे कारण १९८१ मध्ये जोडले गेले. २०११ च्या जनगणनेनुसार देशात स्थलांतरितांची संख्या सुमारे ४५ कोटी होती. त्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून कितीतरी अधिक आणि त्यांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण लग्न. म्हणजे देशातील सर्वांत मोठा प्रवाह बिहारमधून मुंबईकडे किंवा आंध्रातून अमेरिकेकडे जात नाही. तो माहेरच्या गावातून सासरच्या गावाकडे जातो, बऱ्याचदा त्याच जिल्ह्यात.

हा प्रवाह नकाशावर का दिसत नाही, याचे कारण नकाशाच्या घडणीतच आहे. डोळा रेषेची केवळ जाडी पाहत नाही, कागदावर तिने किती जागा व्यापली तेही पाहतो. पाटणा ते मुंबई या रेषेला लांबी असल्याने तिची शाई कागदभर पसरते. तितक्याच जाडीची पंचवीस किलोमीटरची रेषा देशाच्या नकाशावर ठिपक्याएवढी होते. साहजिकच लांबून आलेले लोक आहेत त्यापेक्षा अधिक वाटतात आणि जवळून आलेले जवळजवळ नाहीसे होतात. ‘बाहेरून येणारे लोंढे’ हा शब्दप्रयोग ज्या शहरांत वारंवार कानी पडतो, तेथे असा नकाशा हाती घेताना हा दृष्टिदोष ध्यानात ठेवणे बरे. काही नकाशाकार त्यासाठी लांब रेषा मुद्दाम फिकट करतात किंवा दोन टोकांजवळचे तुकडेच दाखवून मधला भाग पुसून टाकतात.

दुसरी अडचण संख्येची आहे. महाराष्ट्रात ३६ जिल्हे आहेत. प्रत्येक जिल्ह्यातून इतर प्रत्येक जिल्ह्याकडे एक रेषा काढली तर १२६० रेषा होतात. एवढ्या रेषा एका पानावर काढल्या की हाती शेवयांचे ताट येते. अमेरिकी भूगोलतज्ज्ञ वॉल्डो टॉब्लर यांनी १९८० च्या दशकात संगणकाच्या साह्याने अशा नकाशांवर बरेच प्रयोग केले. सरासरीपेक्षा कमी आकाराचे प्रवाह गाळले तर बहुतेक रेषा जातात, पण बहुतेक माणसे नकाशावर उरतात, हे त्यांचे निरीक्षण आजही कामी येते. दुसरा उपाय वजाबाकीचा. पुण्याहून नाशिकला इतके, नाशिकहून पुण्याला तितके, तर दोहोंतला फरक तेवढा दाखवायचा. रेषा निम्म्या होतात, नकाशा सुटसुटीत होतो. वर्तमानपत्रांत छापले जाणारे बाण बहुधा असेच निव्वळ फरकाचे असतात. मात्र तसे खाली क्वचितच लिहिलेले असते.

वजाबाकीत हरवलेली माणसे

वजाबाकीचा हा उपाय कोणाच्या मुळावर येतो, हे पाहण्यासाठी बीड जिल्ह्याकडे वळावे लागेल. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाकडून उचल घेतलेली ऊसतोड कामगारांची जोडपी ट्रक-ट्रॅक्टरमधून पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटककडे निघतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडावर ती गावी परततात. वर्षाचा हिशेब मांडला तर जितके गेले तितके आले; फरक शून्य, म्हणून रेषाही नाही. लाखो माणसांची वर्षातून दोनदा होणारी हालचाल गणिताच्या नियमाने पुसली जाते. जनगणनेतही या कामगारांचे स्थान कॅलेंडरवर अवलंबून राहते. प्रगणक त्यांना फडावरच्या कोपीत भेटला तर ते ‘आलेले’. हंगाम लवकर आटोपून ते गावात भेटले तर जन्मस्थान आणि वास्तव्य एकच, म्हणजे कधीच न हललेले. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार आगामी जनगणनेची संदर्भ तारीख, बर्फाच्छादित प्रदेश वगळता, १ मार्च २०२७ आहे. गाळप हंगामाचा तो शेवटाकडचा काळ. कोणत्या कारखान्याचे धुराडे कधी थांबते, यावर कोयत्यांची नोंद कोठे होणार हे ठरेल.

ही शाळेच्या पटाची, रेशनच्या धान्याची आणि मतदानाचीही गोष्ट आहे. ज्या तालुक्यातून कोणी जात नाही असे नकाशा सांगतो, तेथे हंगामी वसतिगृह कशासाठी उघडायचे, हा प्रश्न कागदोपत्री बिनतोड ठरतो.

दहा वर्षांतून एकदा होणाऱ्या शिरगणतीपेक्षा जलद काही हवे म्हणून २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीने एक कल्पक वाट धरली. अनारक्षित रेल्वे तिकिटांवर प्रवास करणारे बहुतांशी कामासाठी जाणारे असतात असे गृहीत धरून दोन-दोन राज्यांमधील अशा प्रवाशांच्या आकड्यांवरून स्थलांतराचा अंदाज बांधण्यात आला. २०११ ते २०१६ या काळात कामानिमित्त राज्य ओलांडणारे वर्षाला सुमारे ९० लाख, असा निष्कर्ष निघाला. जनगणनेवरून केलेल्या पूर्वीच्या अंदाजांपेक्षा हा आकडा बराच मोठा होता, आणि भारतीय मजूर गाव सोडत नाही या जुन्या समजाला त्याने धक्का दिला. अर्थात, तिकिटाचा नकाशा हा रेल्वेचाच नकाशा. ट्रॅक्टरमधून जाणारा कोयता येथेही नाही, आणि तो राज्य ओलांडतोच असेही नाही.

मग मोबाईल आले. प्रत्येक फोन मनोऱ्यागणिक आपली जागा नोंदवीत जातो, त्यामुळे तासातासाचा प्रवाह काढता येऊ लागला. मुंबईच्या लोकलचे उदाहरण घेतले तर दिवसभराच्या बेरजेत दक्षिणेकडचा आणि उत्तरेकडचा बाण सारखेच दिसतात. सकाळी आठचा आणि संध्याकाळी सातचा नकाशा वेगळा काढला तरच अंधेरी-दादरची खरी कोंडी कळते. वेळेची ही मिती मिनारला दुर्लभ होती. पण तिची किंमतही आहे. सुमारे १५ लाख लोकांच्या मोबाईल नोंदींवर आधारित, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे आढळले की, नाव काढून टाकले तरी स्थळ-काळाच्या केवळ चार नोंदींवरून ९५ टक्के व्यक्ती वेगळ्या ओळखता येतात. व्यायामाच्या वाटा नोंदविणाऱ्या ‘स्ट्राव्हा’ या कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये जगभरातील धावपटूंच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. त्यात ओसाड प्रदेशांतील लष्करी तळ उजळून निघाल्याचे जानेवारी २०१८ मध्ये उघड झाले. सैनिक तळाभोवती धावत होते, एवढेच त्याचे कारण.

टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, भारतातले सारे बाण उलटे फिरले. २५ मार्चपासून वाहतूक थांबली, १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुरू झाल्या आणि त्यांनी सुमारे ६३ लाख लोकांना गावी पोहोचविले. या गाड्यांचा नकाशा काढता येतो. सुटण्याचे स्थानक, पोहोचण्याचे स्थानक आणि प्रवासी, तिन्ही नोंदी आहेत. परंतु गाडी मिळण्यापूर्वी, किंवा ती न मिळाल्याने, जे पायी निघाले त्यांच्यासाठी कोणताही तक्ता नव्हता. जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे जाऊ पाहणारे मजूर भुसावळला गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने चालत निघाले होते. रात्री थकून ते रुळांवरच झोपले. आज छत्रपती संभाजीनगर हे नाव असलेल्या औरंगाबाद जिल्ह्यात, करमाडजवळ, ८ मे २०२० च्या पहाटे मालगाडीखाली त्यांच्यापैकी १६ जण ठार झाले.

रेल्वेच्या नोंदीत त्यांचा प्रवास सुरूच झालेला नव्हता. तो भुसावळला सुरू होणार होता. टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले, असा प्रश्न सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत विचारण्यात आला, तेव्हा अशी माहिती ठेवलेली नाही, असे उत्तर केंद्रीय श्रम मंत्रालयाने दिले.